बाळाचं नाक चोंदलंय? आधी मीठपाणी, मग दूध

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्या लिहितात: "माझं बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. आठवडा झाला, नाक चोंदलेलं आहे. दिवसा हसतं-खेळतं, पण रात्री नाकातून घरघर आवाज येतो. पाजायला घेतलं की दोन घोट ओढतं आणि सोडून रडायला लागतं. सासूबाई म्हणतात, 'नाकमा दोन थेंब तेल टाक व माय.' मालीशवाली मावशीसुद्धा अंघोळीआधी नाकात तेल सोडते आणि अंघोळीनंतर ओवा-शेपांची धुरी देते. नणंदेनं कापराची पुरचुंडी दिली, ती झबल्याला बांधली आहे. मेडिकलवाल्यानं नाकात टाकायचे थेंब दिले. ते टाकले की थोड्या वेळात नाक मोकळं होतं, पण चार दिवस झाले, रोज टाकावेच लागतात. मोठा मुलगा चार वर्षांचा आहे, त्यालाही हिरवा शेंबूड येतोय. दोघांना वाफ द्यावी का? की गाडी करून दवाखान्यात न्यावं?"

ताई, सगळ्यात आधी ती मेडिकलमधली बाटली हातात घ्या. ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचं नाव असतं. तिथे फक्त 'सोडियम क्लोराइड' लिहिलेलं असेल, तर ते मीठपाणी आहे आणि बाळाला चालतं. 'झायलोमेटाझोलिन' किंवा 'ऑक्सिमेटाझोलिन' असं काही दिसलं तर थेंब आजपासून बंद करा. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा दुसराच प्रकार असावा असं वाटतं, कारण मीठपाण्यानं नाक इतकं पटकन आणि इतकं पूर्ण मोकळं होत नाही.

या औषधानं नाकाच्या आतल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून वाट मोकळी होते. असर उतरला की त्या पुन्हा फुगतात. तीन-पाच दिवस रोज टाकल्यावर तर पहिल्यापेक्षा जास्त फुगतात आणि नाक त्या थेंबांवाचून उघडेनासं होतं. म्हणजे सर्दी ओसरली तरी औषधानं नाक चोंदलेलंच राहतं. तान्ह्या बाळात याहून मोठा धोका आहे. बाटली उलटी धरून जरा जोरात दाबली की थेंबाऐवजी धार जाते, औषध रक्तात उतरतं, बाळ सुस्त होतं, अंग गार पडतं, श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावतात. असं काही दिसलं तर बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठायचा. दोन वर्षांखालच्या मुलाला हे थेंब डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय टाकायचे नाहीत. मोठ्यांची बाटली तर कुठल्याच लहान मुलाला नाही. सारख्याच नावानं आणि सारख्याच खोक्यात मीठपाणीही मिळतं आणि औषधाचे थेंबही मिळतात, म्हणून दुकानातून निघण्याआधी वाचून घ्या. थेंब बंद केल्यावर एक-दोन रात्री नाक जास्त चोंदल्यासारखं वाटेल. त्या दोन रात्री मीठपाण्यावर काढायच्या आहेत.

आता मूळ गोष्ट. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानंच श्वास घेतं. तोंडानं श्वास घ्यायची सवय त्याला अजून लागलेली नसते. त्यात नाकपुडीची वाट इतकी अरुंद की जराशी सूज आणि एक मेकूड एवढ्यानं ती बंद होते. दूध ओढताना तोंड स्तनानं भरलेलं असतं, नाक बंद, मग श्वास घ्यायला त्याला सोडावंच लागतं. बाळ चिडकं झालेलं नाही, भूकही कमी झालेली नाही. म्हणून नाक साफ करायचं ते दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी. नाक दिवसभर कोरडं ठणठणीत ठेवायचं नाही. थोडी घरघर राहिली तरी बाळ पोटभर पितंय, झोपतंय, वजन वाढतंय, तर हात लावायचा नाही. जास्त साफ केल्यानंही आतली त्वचा सुजते, आणि चोंदलेलं नाक अजून चोंदतं.

मीठपाणी शक्यतो तयार घ्या. मेडिकलमध्ये 'सलाइन नेझल ड्रॉप्स' मागा, 0.65 किंवा 0.9 टक्क्यांचे. 3 टक्क्यांचेही मिळतात, ते झोंबतात, घरी स्वतःहून वापरायचे नाहीत. दोन्ही मुलांना वेगळ्या बाटल्या, आणि उघडली ती तारीख बाटलीवर पेनानं लिहायची, कारण उघडल्यावर किती दिवस चालते ते लेबलवर दिलेलं असतं. प्लास्टिकच्या छोट्या, तोंड मोडायच्या नळीत येणारं 0.9 टक्क्यांचं नॉर्मल सलाइनही चांगलं, मात्र त्यात टिकवायचं औषध नसतं, त्यामुळे उघडलेली नळी चोवीस तासांनी फेकायची. अगदी तशाच दिसणाऱ्या नळ्यांत इंजेक्शनची दुसरी औषधं आणि नुसतं निर्जंतुक पाणीही येतं, म्हणून इथेही लेबल वाचायचं.

रात्री-बेरात्री काहीच मिळालं नाही तर घरी करता येतं. अर्धा लिटर फिल्टरचं किंवा नळाचं पाणी झाकण ठेवून पाच मिनिटं खळखळ उकळा. बोअरचं खारट पाणी नको, उकळून त्यातले क्षार जात नाहीत, उलट वाढतात. पाणी कोमट झालं की औषधाच्या 5 मिलीच्या चमच्यानं पाऊण चमचा बारीक मीठ, बोटानं सपाट करून, त्यात विरघळवा. पोह्याचा चमचा यासाठी चालत नाही, तो कधी 5 मिलीचा असतो, कधी 8 मिलीचा. शेंदेलोण, काळं मीठ, खायचा सोडा काही घालायचं नाही. चव अश्रूंइतकी खारट लागली पाहिजे. डाळीच्या पाण्यासारखी खारट लागली तर मीठ जास्त झालंय, ते टाकून नवं करा. जास्त मीठ नाक जाळतं, आणि मीठ नसलेलं साधं पाणीही झोंबतं. स्वच्छ उकळलेल्या बाटलीत भरा आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.

आता टाकायचं कसं. हात साबणानं धुवा. बाटली मिनिटभर मुठीत धरून कोमट करा, थंडीच्या दिवसांत गार थेंब पडला की बाळ दचकतं आणि पुढच्या वेळी बाटली पाहूनच रडतं. बाळाला दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळा. मांडीवर उताणं निजवा, खांद्याखाली टॉवेलची एक घडी, म्हणजे मान किंचित मागे जाईल. किंचितच. मान फार मागे टाकली तर थेंब सरळ घशात उतरतो आणि ठसका लागतो. बाटलीचं टोक नाकाला न टेकवता प्रत्येक नाकपुडीत 2 थेंब सोडा, 3 पर्यंत चालतील. मधल्या पडद्यावर नको, बाहेरच्या भिंतीकडे सोडायचे. मग एक मिनिट थांबायचं. या एका मिनिटातच घट्ट शेंबूड आणि मेकूड भिजून सुटतं, आणि बहुतेक आया इथेच घाई करतात. बाळाला उचलून खांद्यावर घ्या. ते शिंकेल, बाहेर येईल ते मऊ सुती कापडानं टिपा. बरेचदा एवढ्यानंच भागतं.

नाकपुडीच्या तोंडाशी मेकूड अडकलेलं दिसत असेल तर जुन्या धुतलेल्या मलमलच्या कापडाची पीळ देऊन वात करा, मीठपाण्यात भिजवा आणि नाकपुडीच्या काठावर फिरवा. मेकूड वातीला चिकटून येतं. काडीला गुंडाळलेला कापूस, इअरबड, केसांची पिन, नख यांतलं काही आत घालायचं नाही. ते मेकूड आत ढकलतात किंवा नाक सोलतात, आणि रक्ताची खपली धरली की तिनंच वाट बंद होते.

त्यानंतरही बाळाला दूध ओढता येत नसेल तरच नाक ओढायचा रबरी फुगा वापरा. दुकानात 'नेझल ॲस्पिरेटर' म्हणून मिळतो. फुगा नाकाबाहेरच पूर्ण दाबायचा, दाबून धरूनच टोक नाकपुडीच्या तोंडाशी लावायचं, अर्धा सेंटीमीटरही आत जायला नको, आणि मग बोटं हळूहळू सैल सोडायची. बाहेर काढून कापडावर दाबून रिकामा करायचा, मग दुसरी नाकपुडी. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे टोक आत ठेवून फुगा दाबणं. त्यानं हवा आणि शेंबूड दोन्ही मागे, थेट कानाच्या नळीकडे जातात. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त नाही. रक्ताचा ठिपका दिसला तर दोन दिवस फुगा बंद, नुसते थेंब. वापरल्यावर कोमट साबणपाणी आत ओढून चार-पाचदा फुसफुसवा, साध्या उकळून कोमट केलेल्या पाण्यानं तसंच करा आणि तोंड खाली करून वाळवा. फुगा अपारदर्शक असतो, आतली काळी बुरशी बाहेरून दिसत नाही, म्हणून एका सर्दीनंतर तो बदललेला बरा. आईनं तोंडानं ओढायच्या नळीचा प्रकारही चांगला, फक्त त्यातली गाळणी प्रत्येक वेळी बदलायची. नळीशिवाय थेट तोंड लावून ओढायचं नाही, नाकात फुंकर मारायची नाही आणि मालीश करताना नाक चिमटीत धरून ओढायचं नाही.

थेंबांनंतर दहा-पंधरा मिनिटांनी पाजा. पाजून झाल्यावर थेंब टाकले तर बाळ ओकतं. एका वेळी पोटभर घेत नसेल तर थोडं थोडं, पण जास्त वेळा. मध्ये सोडलं तर खांद्यावर घेऊन दोन श्वास घेऊ द्या आणि पुन्हा लावा. सहा महिन्यांच्या आत पाणी, ओव्याचं पाणी, घुटी काही नाही. घुटीत जायफळ उगाळायची आपल्याकडे रीत आहे. जायफळानं गुंगी येते, आणि नाक बंद असलेल्या बाळाला गुंगीत ठेवणं धोक्याचं आहे. मधाचं बोटही एक वर्षापर्यंत चाटवायचं नाही. मधातल्या जंतूंच्या बीजांतून बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं आणि त्यानं स्नायू लुळे पडतात.

आता तेलाबद्दल. सासूबाईंना हे शांतपणे समजावून सांगा, कारण त्या काळजीपोटीच सांगताहेत आणि त्यांच्या पिढीत घरोघरी हेच केलं जायचं. मीठपाणी घशात किंवा श्वासनळीच्या तोंडाशी गेलं तर बाळ ठसकतं आणि ते बाहेर पडतं. तेलानं मात्र ठसका लागत नाही. ते गुळगुळीत असतं, आवाज न करता खाली सरकतं आणि फुप्फुसात जाऊन बसतं. शरीराला ते पचवता येत नाही, बाहेरही टाकता येत नाही. त्यातून होणारा न्यूमोनिया जंतूंचा नसल्यामुळे अँटिबायोटिक घेऊनही तो हटत नाही, खोकला आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. तीळ, खोबरं, मोहरी, साजूक तूप, तेल कुठलंही असो, नाकात नाही आणि कानातही नाही. अंगाला मालीश खुशाल करू द्या. मालीशवाली मावशी येईल तेव्हा तुम्ही समोर बसा, नाकाशी हात गेला की तिथेच थांबवा. अंगावरचं दूध नाकात पिळायची सवय कुणाला असेल तर तीही सोडा. दूध वाळून चिकट पापुद्रा धरतं आणि जंतूंना खाऊ मिळतो.

कापराची पुरचुंडी आजच काढून फेका. कापूर, मेंथॉल आणि निलगिरीच्या वासानं नाकात गारवा जाणवतो, म्हणून मोठ्यांना वाटतं की नाक उघडलं. वाट मात्र होती तेवढीच राहते. बाळाच्या नाकाशी तीव्र वास गेला तर उलट स्राव वाढतो, कधी श्वास अडखळतो. आणि पुरचुंडी झबल्याला बांधलेली म्हणजे ती एक दिवस तोंडात जाणार. अर्धा-एक ग्रॅम कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊन जिवावर बेतू शकतं. डबीतला कापूर-मेंथॉलचा बाम दोन वर्षांखालच्या मुलाला कुठेच लावायचा नाही, त्यावरच्या मुलाला छातीला थोडा चालतो, नाकाखाली नाही. वेखंडाची पूड टाळूवर थापणंही थांबवा, ती श्वासातून आत जाते.

धुरीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण आम्हाला वाटतं की तुमच्या बाळाचं नाक आठवडाभर न उघडण्यामागे तिचा हात मोठा आहे. निखाऱ्यावर ओवा, शेपा, वावडिंग, लसणाची सालं टाकून बाळाला त्यावर धरलं की ते शिंकतं, डोळ्यांतून पाणी येतं, नाक वाहतं. बायका म्हणतात, सर्दी निघतेय. प्रत्यक्षात धुरानं नाकाचं अस्तर सुजतं, आणि मळ बाहेर ढकलणारे अस्तरावरचे बारीक केस काम करेनासे होतात. दुपारपर्यंत नाक पुन्हा गच्च. अंघोळीनंतर ऊब पाहिजे ना? मग कोरड्या पंच्यानं डोकं नीट पुसा, टोपडं घाला आणि कुशीत घ्या. आईच्या अंगाची ऊब शेगडीच्या ऊबेपेक्षा चांगली, आणि तिला धूर नसतो.

खान्देशातल्या घरात धूर आणि धूळ कुठून येते तेही बघा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची हवा गार असते तशीच कोरडीही असते, नाकातला ओलावा रात्रभरात सुकतो. त्यात पाणी तापवायला चुलीत पऱ्हाट्या, संध्याकाळी दारात शेकोटी, रात्री डासांची अगरबत्ती. भाव येईपर्यंत घरातच साठवलेला कापूस तर फार त्रासाचा. त्याची धूळ आणि तंतू मोठ्या माणसाच्याही अंगाला खाज आणतात, मग त्याच खोलीत निजणाऱ्या बाळाच्या नाकाचं काय होत असेल. घर लहान असेल तर कापसाच्या ढिगावर ताडपत्री घट्ट बांधा आणि बाळाला दुसऱ्या खोलीत किंवा निदान दुसऱ्या टोकाला निजवा. भरीत पार्टीला जायचं असेल तर जरूर जा, पण वांगी भाजताना काटक्यांचा धूर ज्या बाजूला जातो त्या बाजूला बाळाला घेऊन उभं राहू नका. नंदुरबारकडच्या वाचकांनी मिरची वाळत घातलेल्या पथारीजवळून तान्हं बाळ नेऊच नये. डासांसाठी मच्छरदाणी, ती अगरबत्तीपेक्षा केव्हाही भली. टाल्कम पावडरचा फडका गाठोडं बांधून ठेवून द्या. रात्री खोलीत एखादा ओला पंचा वाळत घातला तर हवेत थोडा ओलावा राहतो. उन्हाळ्यात हाच प्रश्न कूलरचा असतो: पाणी रोज बदला, जाळ्या आठवड्याला धुवा, झोत बाळावर नको.

वाफ द्यायची नाही, दोघांनाही नाही. वाफेनं लहान मुलाची सर्दी लवकर बरी होते याला आधार नाही, आणि उकळत्या पाण्याचं पातेलं किंवा वाफेचं मशीन कलंडून मांड्या-पोट भाजलेली मुलं मात्र दवाखान्यात येतात. नेब्युलायझर छातीच्या औषधासाठी असतं, शेजारच्या घरून आणून नाकासाठी लावायचं नाही.

निजवताना बाळ सपाट अंथरुणावर उताणं. डोक्याखाली उशी नको, चोंदलंय म्हणून अंथरुणाला उतार द्यायचा नाही, ते घसरून मान दुमडते. साडीच्या झोक्यात हनुवटी छातीला टेकते आणि अरुंद वाट अजून अरुंद होते, म्हणून नाक मोकळं होईपर्यंत झोका बंद ठेवा. तोंडावरून पांघरूण नाही. जागं असताना हवं तेवढं खांद्यावर उभं धरा.

सर्दीचं पातळ औषध दोघांपैकी कुणालाच आणू नका. केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये स्पष्ट सांगितलंय की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहूच नयेत, आणि पाच वर्षांखालच्यांनाही ती सहसा देऊ नयेत. क्लोरफेनिरामिन आणि फिनिलेफ्रिन एकत्र असलेल्या औषधांवर तर चार वर्षांखाली वापरू नये असा इशारा छापायला 2023 मध्येच सांगितलं गेलं. घरात मागच्या वर्षीची अर्धी बाटली असेल तर ती मोरीत रिकामी करा.

मोठ्याचा हिरवा शेंबूड पाहून घाबरू नका. साध्या विषाणूच्या सर्दीत तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून शेंबूड घट्ट, पिवळा-हिरवा होतो, तेवढ्यावरून अँटिबायोटिक लागत नाही. नाक सात-दहा दिवस, खोकला दोन-तीन आठवडे, हा सर्दीचा नेहमीचा मुक्काम. अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नवल नाही. दहा दिवसांनी काहीच उतार नसेल, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, किंवा तीन-चार दिवस 102 च्या वर ताप आणि घट्ट शेंबूड असेल, तर दाखवा. रात्री खोकला झोपू देत नसेल तर त्याला अर्धा ते एक छोटा चमचा मध चालेल, तो वर्षाच्या वर आहे. त्याला नाक शिंकरायला शिकवा. कापसाचं एक पेळू टेबलावर ठेवा, तोंड मिटून, एक नाकपुडी बोटानं दाबून, दुसरीच्या फुंकरीनं ते सरकवायला लावा. एका वेळी एकच नाकपुडी, कारण दोन्ही दाबून शिंकरलं की दाब कानात जातो. नाक पुसलं की हात धुणं आणि मगच बाळाजवळ येणं, एवढं त्याला शिकवलंत तर बाळाची पुढची सर्दी टळू शकते.

त्याच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर ती सर्दी नसते, आत काहीतरी अडकलेलं असतं: शेंगदाणा, हरभरा, मणी. चिमट्यानं काढायला जाऊ नका, आत सरकतं. खेळण्यातली किंवा रिमोटमधली चपटी बटणासारखी बॅटरी गेल्याची शंका असेल तर त्या नाकात मीठपाणीसुद्धा टाकायचं नाही. ओलाव्यानं ती झपाट्यानं आतला पडदा जाळते, काही तासांत भोक पडू शकतं. तडक कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. आणि सर्दी नसतानाही तो रोज तोंड उघडं ठेवून झोपत, घोरत असेल तर नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी तपासून घ्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, गाडी कधी करायची. आधी नाक साफ करा, कारण चोंदलेल्या नाकानं श्वास तसाच वेगानं चालतो. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा, मोबाइलवर पूर्ण 60 सेकंद लावा आणि पोट किती वेळा वर आलं ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, बाळाचा श्वास एकसारखा नसतो. जास्त आला तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला 60 किंवा त्यावर, दोन महिने ते वर्षापर्यंत 50 किंवा त्यावर, एक ते पाच वर्षांत 40 किंवा त्यावर श्वास म्हणजे छातीची शंका, त्याच दिवशी दाखवायचं. तुमच्या बाळासाठी आकडा 50, मोठ्यासाठी 40. पाठीवर हात ठेवल्यावर घरघर जाणवते म्हणून छाती भरली असं समजू नका, नाकाचा आवाजही पाठीपर्यंत ऐकू येतो. आवाजापेक्षा आकडा आणि छाती बघा.

श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो, नाकपुड्या फुलतात, प्रत्येक श्वासाला कण्हतं, ओठ-जीभ निळसर दिसतात, दूध ओढेनासंच झालंय, उठवूनही जागं होत नाही, मध्येच श्वास थांबतो: यातलं एकही दिसलं तर रात्र असो की दिवस, 108 ला फोन करा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना, घरी औषध देऊन वाट बघायची नाही. चोवीस तासांत लंगोट नेहमीच्या निम्म्यानंही ओले झाले नाहीत तरीही न्या. पोट उडतंय म्हणून बिब्बा लावणं, चटके देणं यात गेलेले तास न्यूमोनियात परत मिळत नाहीत. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून खाली उतरायलाच वेळ जातो, तिथल्यांनी खळगा पडायची वाटही बघू नये, आकडा वाढला की निघावं. आणि जन्मल्यापासून नाक बंद असलेलं, पिताना निळं पडणारं, रडायला लागलं की सुधारणारं नवजात बाळ असेल तर नाकाची मागची वाटच बंद असू शकते, त्याला मीठपाण्यावर ठेवू नका.

तुमच्या पत्रात ताप नाही, बाळ दिवसा खेळतंय, म्हणून आज रात्री श्वास मोजा, थेंब बदला, आणि तीन दिवसांत दूध नीट ओढायला लागलं नाही तर चोपड्याला मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. एक गोष्ट कार्डावर तपासा: साडेतीन महिन्यांच्या बाळाची 14 आठवड्यांची लस झालीय का? सर्दी आहे म्हणून ती पुढे ढकलली असेल तर आशाताईंना विचारून येत्या लसीकरणाच्या दिवशी घ्या. त्या खेपेत न्यूमोनियापासून वाचवणारी पीसीव्ही असते, आणि ताप नसलेल्या साध्या सर्दीत ती देता येते.